ड्राइव्ह काढला की सॉफ्टवेअर बंद पडतं? लॉक काढू नका, सवय बदला



बॅकअपच्या व्हिडिओत मी सांगितलं होतं की दुकानाचा डेटा ज्या पेनड्राइव्हवर किंवा एक्सटर्नल हार्डडिस्कवर ठेवता, त्याला लॉक लावा. बिटलॉकर लावा, नाहीतर व्हेराक्रिप्ट लावा, पण लावा. बऱ्याच जणांनी लावलं. आणि तेव्हापासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतेय. "सर, लॉक लावल्यापासून रात्री ड्राइव्ह काढला की अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर अडकतं. कधी आपोआप बंद होतं. सकाळी डेटा उघडताना एरर येतो."

इथपर्यंत ठीक आहे, अडचण खरी आहे. पण त्याच्या पुढचं वाक्य मला खटकतं. "आमच्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, ते लॉक काढून टाका, सगळं नीट चालेल."

या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. शटर उघडताना कर्रकर्र आवाज येतो म्हणून कुणी शटर काढून ठेवत नाही, तेल घालतं. तसंच हे. क्रॅशचं कारण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि लॉक काढल्याने ते जाणार नाही. वर तुमचा डेटा उघडा पडेल तो वेगळाच.

आज मी हे सगळं सोपं करून सांगणार आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे घाईत गेलं, तेही इथे सविस्तर आहे. चहा घेऊन बसा.

लॉक नेमकं काय करतं?

विंडोजमधलं बिटलॉकर २००७ साली व्हिस्टाबरोबर आलं. पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्कसाठीचं बिटलॉकर टू गो २००९ साली विंडोज ७ बरोबर आलं. व्हेराक्रिप्ट २०१३ पासून आहे, फुकट आहे, आणि ट्रूक्रिप्ट नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून तयार झालंय. म्हणजे दोन्ही गोष्टी काल-परवाच्या नाहीत. वर्षानुवर्षं लोक वापरतायत.

लोकांना वाटतं, पासवर्ड टाकला की ड्राइव्हचं कुलूप निघतं आणि आतला डेटा मोकळा होतो. तसं होत नाही. ड्राइव्हवर डेटा कायम कुलूपबंद रूपातच राहतो. तुमचं सॉफ्टवेअर जेवढा तुकडा मागतं, तेवढाच वाचला जातो आणि कॉम्प्युटरच्या मेमरीत उलगडून दिला जातो. काही सेव्ह केलं की उलट काम, आधी कुलूपबंद करायचं आणि मग ड्राइव्हवर लिहायचं. हे सगळं इतक्या गुपचूप चालतं की सॉफ्टवेअरला मधे लॉक आहे हे कळतही नाही. त्याच्या दृष्टीने तो साधा ई ड्राइव्ह किंवा एफ ड्राइव्ह असतो.

आता विचार करा. सॉफ्टवेअर चालू आहे, त्याने तुमच्या खात्यांच्या फाइल्स उघडून ठेवल्या आहेत, आणि तुम्ही ड्राइव्ह ओढून काढला. पुढचा तुकडा मागायला ते गेलं तर समोर ड्राइव्हच नाही. मुनीम वही लिहितोय आणि कुणीतरी त्याच्या हातातून वही हिसकावून नेली, अशी गत. तो गोंधळणारच.

एक छोटा प्रयोग करा

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. लॉक नसलेला साधा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर एक डमी कंपनी तयार करा, चार खोट्या एंट्र्या टाका. सॉफ्टवेअर चालू असतानाच पेनड्राइव्ह काढा आणि पाचवी एंट्री टाकायचा प्रयत्न करा. तिथेही एरर येईल, नाहीतर सॉफ्टवेअर बंद पडेल. खऱ्या डेटावर मात्र हा प्रयोग चुकूनही करायचा नाही!

मग लॉक लावल्यानंतरच त्रास का सुरू झाला? इथे गंमत आहे. बहुतेकांना मी विचारतो, "लॉक लावायच्या आधी डेटा कुठे होता?" उत्तर येतं, "सी ड्राइव्हमध्ये." म्हणजे एकाच दिवशी दोन बदल झाले. ड्राइव्हला लॉक लावलं, आणि रोजचं काम त्या ड्राइव्हवर हलवलं. त्रास दुसऱ्या बदलाने सुरू झाला, नाव पहिल्याचं खराब झालं.

धंद्यातही असंच होतं ना? नवा माल आणला आणि त्याच आठवड्यात दुकानाची वेळ बदलली. विक्री घटली तर दोष कुणाला द्यायचा? म्हणून मी नेहमी सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला.

क्रॅश तीन प्रकारचे असतात, तुमचा कोणता?

"सॉफ्टवेअर बंद पडलं" एवढं सांगून निदान होत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर "दुखतंय" एवढंच सांगून चालत नाही, तसंच.

*पहिला प्रकार: ड्राइव्ह काढताक्षणी किंवा थोड्या वेळाने सॉफ्टवेअर पडतं.* याचा अर्थ फाइल्स उघड्या होत्या. खिडकी मिनिमाइज केली म्हणजे सॉफ्टवेअर बंद झालं असं नाही. ते मागे चालूच असतं. आणि काही जण तर सॉफ्टवेअरसुद्धा पेनड्राइव्हवरूनच चालवतात, म्हणजे पोर्टेबल आवृत्ती. त्यात धोका दुप्पट. कारण विंडोज अख्खं सॉफ्टवेअर एकदम मेमरीत घेत नाही, लागेल तसे त्याचे भाग ड्राइव्हवरून आणतं. ड्राइव्ह गेला की सॉफ्टवेअरच्या पायाखालची फरशीच गेली.

*दुसरा प्रकार: काढताना सगळं ठीक दिसतं, पण सकाळी डेटा खराब निघतो.* इथे शेवटचं लिखाण अर्धवट राहिलेलं असतं. विंडोज काही वेळा लिहायचा डेटा थोडा वेळ मेमरीत साठवतं आणि मग ड्राइव्हवर उतरवतं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत आपोआप निवडलेली असते. तिच्यात हे साठवणं टाळलं जातं. त्यावरून लोकांनी अर्थ काढला की आता 'सेफली रिमूव्ह' करायची गरजच नाही. पण क्विक रिमूव्हल विंडोजच्या साठवणुकीपुरतं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरने उघडी ठेवलेली फाइल ते बंद करून देत नाही. आणि व्हेराक्रिप्टच्या माहितीपुस्तिकेत तर स्पष्ट सांगितलंय की आधी व्हेराक्रिप्टमधून व्हॉल्यूम उतरवा, मग ड्राइव्ह इजेक्ट करा, नाहीतर डेटा जाऊ शकतो.

*तिसरा प्रकार: तुम्ही हातही लावला नाही, तरी ड्राइव्ह मधेच गायब होतो.* हा सगळ्यात फसवा प्रकार. यात दोष बहुतेक वेळा केबलचा, यूएसबी हबचा किंवा सेटिंगचा असतो. एकाच स्वस्त हबवर बारकोड स्कॅनर, बिल प्रिंटर, माउस आणि वर हार्डडिस्क असं लटकवलं की वीज पुरत नाही आणि हार्डडिस्क सुटते. किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. किंवा विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नावाची सेटिंग आहे, ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर बंद करून बघा. व्हेराक्रिप्ट वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये 'ऑटो' उतरवण्याचे पर्याय तपासा. स्क्रीनसेव्हर लागला की, स्लीप झाला की, किंवा काही मिनिटं वापर झाला नाही की व्हॉल्यूम आपोआप उतरवायची सोय त्यात आहे. फाइल उघडी असली तरी जबरदस्तीने उतरवायचा पर्यायही तिथेच आहे. तो चालू असेल आणि तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत बसलात, की मागे सॉफ्टवेअरचा खेळ खलास.

चोर कोण ते विंडोजच सांगतं

"धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज" असा मेसेज आला की आपण चिडतो आणि ओढून काढतो. अहो, तो मेसेज तुमच्या भल्यासाठी आहे. ड्राइव्ह कोण अडवून बसलंय हे शोधायला दहा मिनिटं पुरतात.

१. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा. 'सीपीयू' टॅबवर 'असोसिएटेड हँडल्स' नावाचा शोध-चौकोन आहे. तिथे ड्राइव्हचं अक्षर आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं टाका. ज्या प्रोग्रॅमने त्या ड्राइव्हवरची फाइल धरून ठेवलीय, त्याचं नाव समोर येतं.

२. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टम'वर जा. 'कर्नल-पीएनपी'ची २२५ क्रमांकाची नोंद असेल तर ड्राइव्ह काढायला कोणत्या प्रोग्रॅमने अडवलं ते तिथे लिहिलेलं असतं. 'डिस्क'ची १५७ क्रमांकाची नोंद असेल तर ड्राइव्ह न सांगता अचानक सुटला असा अर्थ. तुम्ही ओढला नसेल तर केबल आणि हब तपासा.

३. तिथेच 'ॲप्लिकेशन'मध्ये १००० क्रमांकाची नोंद शोधा. नेमकं कोणतं सॉफ्टवेअर, किती वाजता पडलं, हे त्यात असतं. दोन्ही नोंदींच्या वेळा जुळवा. आधी १५७ आणि लगेच नंतर १०००? मग सॉफ्टवेअर निर्दोष आहे. ड्राइव्ह आधी गेला, सॉफ्टवेअर त्याच्यामुळे पडलं.

बऱ्याचदा चोर भलताच निघतो. अँटिव्हायरस ड्राइव्ह स्कॅन करत असतो. क्लाउड सिंकने तोच फोल्डर धरलेला असतो. नाहीतर एक्सेलमध्ये उघडलेली रेट लिस्ट मागे तशीच पडलेली असते.

हे बघूनही कळलं नाही तर शेवटची कसोटी घ्या. डेटाची कॉपी सी ड्राइव्हवर घ्या आणि तीन दिवस तिथूनच काम करा. क्रॅश थांबले तर प्रश्न ड्राइव्हचा किंवा काढण्याच्या पद्धतीचा होता. थांबले नाहीत तर प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, त्यांच्या सपोर्टला फोन लावा आणि वरच्या नोंदी वाचून दाखवा. "चालत नाही हो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा नोंद वाचून दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम लवकर होतं, हा माझा अनुभव.

माझं मत: तिजोरीत बसून धंदा करू नका

आता मुद्द्याचं बोलतो. लॉक केलेला ड्राइव्ह म्हणजे तिजोरी. आणि रोजच्या कामाची जागा म्हणजे गल्ला. दिवसभर सुट्टे पैसे द्यायला आपण तिजोरी उघडी ठेवून तिच्यात हात घालत बसतो का? नाही. गल्ल्यावर काम करतो, रात्री हिशेब जुळवून रक्कम तिजोरीत टाकतो.

डेटाचंही तेच करा. चालू काम कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर. बाहेरचा लॉकवाला ड्राइव्ह फक्त बॅकअपसाठी. संध्याकाळी जोडा, सॉफ्टवेअरमधला बॅकअपचा पर्याय वापरून बॅकअप घ्या, नीट उतरवा, काढून ठेवा. दिवसातून पंधरा मिनिटांचं काम. असं केलंत तर ड्राइव्ह काढताना क्रॅश व्हायला उघडी फाइलच उरत नाही. शिवाय ड्राइव्ह दिवसभर जोडलेला नसल्यामुळे व्हायरसने कॉम्प्युटर धरला तरी बॅकअप सुरक्षित राहतो.

शक्य असेल तर दोन ड्राइव्ह घ्या. एक दुकानात, एक घरी, आलटून पालटून.

"पण सर, मग आतल्या डिस्कवरचा डेटा उघडाच राहिला की!" बरोबर पकडलंत. त्यालाही लॉक लावा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहे. होम असेल तर अनेक नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळतं, सेटिंग्जमध्ये बघा. आतली डिस्क कुणी चालू कामात ओढून काढत नाही, त्यामुळे तिथे लॉकही राहतं आणि हा क्रॅशही होत नाही. लक्षात ठेवा, होम आवृत्तीवर पेनड्राइव्हला नवं बिटलॉकर लावता येत नाही, पण आधीच लावलेला ड्राइव्ह पासवर्ड टाकून उघडता येतो. होमवाल्यांना बाहेरच्या ड्राइव्हसाठी व्हेराक्रिप्टचा रस्ता आहेच.

काहींची अडचण वेगळी असते. दिवसा दुकानात भाऊ बिलं करतो, रात्री घरी वहिनी हिशेब घालतात, म्हणून ड्राइव्ह रोज ये-जा करतो. त्यांना माझं सांगणं: ड्राइव्हवरून थेट काम न करता घरच्या कॉम्प्युटरवर बॅकअप रिस्टोर करा, काम करा, परत बॅकअप घ्या. आणि एक नियम पक्का, एका वेळी डेटा एकाच ठिकाणी बदलायचा. 'आज डेटा कुणाकडे' हे ड्राइव्हच्या डबीवर चिठ्ठी लावून लिहा. हसू नका, चिठ्ठीने मोठमोठे घोळ वाचतात.

ड्राइव्हसुद्धा 'वाढवायचा' असतो

आपल्याकडे दुकान बंद केलं असं जुने लोक म्हणत नाहीत, दुकान वाढवलं म्हणतात. वाढवण्याला क्रम असतो. बाहेरचा माल आत, हिशेब, गल्ला, दिवा, मग शटर. कुणी आधी शटर ओढून मग अंधारात गल्ला मोजत नाही. ड्राइव्हचाही क्रम पाठ करा. आमच्या दुकानात हा कागद कॉम्प्युटरवर चिकटवलेला आहे:

१. शेवटची एंट्री सेव्ह. कंपनी बंद. टॅलीप्राइममध्ये कंट्रोल आणि एफ ३ ने कंपनी बंद होते. मग सॉफ्टवेअरमधून पूर्ण बाहेर.

२. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सॉफ्टवेअर तिथे दिसत नाही ना, एकदा नजर टाका.

३. ड्राइव्हमधले उघडे फोल्डर, पीडीएफ, एक्सेल बंद.

४. व्हेराक्रिप्ट असेल तर आधी त्याच्या खिडकीतून डिसमाउंट करा (नव्या आवृत्तीत त्याला अनमाउंट म्हणतात). "फाइल्स वापरात आहेत, जबरदस्ती करू का?" असं विचारलं तर 'नो'. परत पायरी एकवर जा.

५. खाली घड्याळाजवळच्या यूएसबीच्या चिन्हावरून 'इजेक्ट'. बिटलॉकरच्या ड्राइव्हला एवढं पुरतं, पुढच्या वेळी जोडला की तो पासवर्ड मागतो.

६. 'सेफ टू रिमूव्ह' असा मेसेज आला की मगच हात लावा.

आणि इजेक्ट होतच नसेल, घाई असेल, शेवटची एसटी चुकणार असेल तर? कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. परत सुरू झाला की पासवर्ड न टाकता ड्राइव्ह काढा. त्या क्षणी तो कुलूपबंदच असतो, आतली कोणतीही फाइल उघडी नसते. फक्त ऑटो-अनलॉक चालू असेल तर हा उपाय लागू नाही, म्हणून दुकानाच्या कॉम्प्युटरवर ऑटो-अनलॉक ठेवूच नका. घरातली किल्ली दारालाच टांगून ठेवण्यासारखं आहे ते.

क्रॅश झालाच, तर आधी काय करू नये

घाबरून लोक जे करतात त्याने जास्त नुकसान होतं. म्हणून आधी 'नको'ची यादी.

*फॉरमॅट नको.* संपूर्ण ड्राइव्ह किंवा पार्टिशन व्हेराक्रिप्टने लॉक केलेलं असेल तर विंडोजला ते ओळखू येत नाही आणि ते विचारतं, "वापरण्याआधी फॉरमॅट करायचंय का?" हा मेसेज ड्राइव्ह चांगला असतानाही येतो! 'कॅन्सल' दाबा. घाईत 'हो' दाबलं की तीन वर्षांची उधारी एका क्लिकवर माफ.

*एकमेव प्रतीवर दुरुस्ती नको.* आधी ड्राइव्ह जोडून अनलॉक करा आणि डेटाचा पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. त्या फोल्डरच्या नावात आजची तारीख टाका. त्यानंतर ड्राइव्हवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, 'चेक'. आणि त्यानंतर सॉफ्टवेअरमधलं डेटा रिपेअर, तेही कॉपीवर. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून 'रिपेअर' मिळतं. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र काहीच करू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

*अंदाजाने एंट्र्या नको.* रिपेअर झालं नाही तर कालचा बॅकअप घ्या आणि मधली बिलं परत टाका. रोज ६० बिलं होत असतील आणि बॅकअप कालचा असेल तर ६० बिलं टाकायची आहेत. बॅकअप महिन्यापूर्वीचा असेल तर १,८००. फरक बघा! बिलबुक, बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयची यादी हाताशी घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर पोर्टलवर भरलेलं जीएसटीआर-१ आणि खरेदीसाठी जीएसटीआर-२बी ताडून बघायला उपयोगी पडतात.

"पण लॉक हवंच कशाला, माझं तर छोटं दुकान"

हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तर देतो.

तुमच्या ड्राइव्हवर काय काय आहे याची एकदा यादी करा. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, कुणाची किती उधारी, कामगारांचे आधार आणि बँक खाते, खरेदीचे भाव. माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक माझ्याकडे आधार, पॅन, मुलांचे दाखले घेऊन येतात. हे कागद माझे नाहीत, लोकांनी विश्वासाने माझ्या हातात दिलेले आहेत. लॉक नसलेला पेनड्राइव्ह बसमध्ये पडला तर तो सापडणाऱ्याला फक्त जोडायचाय, बस्स. बाजारात "त्याच्याकडे कागद देऊ नका" ही बातमी कोणत्याही जाहिरातीपेक्षा वेगाने फिरते.

कायदाही आता या बाजूला चाललाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. लोकांची माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानदाराला लगेच एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, घाबरवायचं नाहीये. पण दिशा कळते. दुसऱ्या बाजूने, जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची आहेत. म्हणजे डेटा चोरीला जाऊन चालत नाही आणि खराब होऊनही चालत नाही. लॉक पहिल्यासाठी, नीट उतरवणं आणि बॅकअप दुसऱ्यासाठी. एकाच्या बदल्यात दुसरं सोडायचं नसतं.

लॉकचा एक तोटा मात्र खरा आहे, तो लपवत नाही. साध्या ड्राइव्हवर गडबड झाली तर बऱ्याचदा दोन-चार फाइल्स जातात. लॉकवाल्या ड्राइव्हचा सुरुवातीचा महत्त्वाचा भाग खराब झाला, किंवा पासवर्ड विसरला, तर अख्खा ड्राइव्ह जाऊ शकतो. आणि कोणताही कॉम्प्युटरवाला तो उघडून देऊ शकत नाही, कारण तसं उघडता आलं असतं तर लॉकला अर्थच राहिला नसता. म्हणून लॉक लावाल त्याच दिवशी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की छापून घरच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा. व्हेराक्रिप्ट असेल तर 'टूल्स'मधून 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करून ती फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवा. पासवर्ड घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या. तुम्ही दवाखान्यात असाल आणि जीएसटीची शेवटची तारीख असेल, तेव्हा त्याची किंमत कळते.

लॉक काढून टाकणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. क्रम पाळणं ही रोजची शिस्त आहे, म्हणून ती कंटाळवाणी वाटते. पण धंदा उभा राहतो तो अशाच कंटाळवाण्या गोष्टींवर. वेळेवर शटर उघडणं, रोजचा हिशेब रोज घालणं, उधारी लिहून ठेवणं. त्या यादीत आता हे एक वाढवा.

आजचा गृहपाठ एवढाच. तुमचा चालू डेटा कोणत्या ड्राइव्हवर आहे ते बघा. बाहेरच्या ड्राइव्हवर असेल तर आधी पूर्ण कॉपी घ्या, मग या रविवारी तो आतल्या डिस्कवर हलवा. वरच्या सहा पायऱ्यांचा कागद लिहा आणि कॉम्प्युटरवर चिकटवा. दुकानात मुलगा कामाला असेल तर त्यालाही शिकवा, कारण रात्री ड्राइव्ह बहुतेक तोच काढतो.

पुढच्या व्हिडिओत आपण बॅकअप खरोखर चालतो का, हे दर महिन्याला रिस्टोर करून कसं तपासायचं ते बघू. तोपर्यंत, हिशेब चोख ठेवा आणि दुकान नीट वाढवा!